जोडा, नग एक

जोडा पायात नीट बसला की नाही, हे आमचे दाजी बघून ठरवत नाहीत, ऐकून ठरवतात. गिऱ्हाइकाला नवा जोडा घालायला लावायचा, आपण त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि म्हणायचं, "चाला आता." गिऱ्हाईक दुकानाच्या लाकडी फळ्यांवरून दारापर्यंत जाऊन येतं. दोन्ही पावलं सारखी वाजली की दाजी मान हलवतात. नाही वाजली, तर "उजवी टाच चावतेय का हो?" असं भिंतीलाच विचारतात. नव्या माणसाला वाटतं, या कारागिराचं आज काहीतरी बिनसलंय. मग मी पलीकडून सांगतो, "घाबरू नका, ते रोजच असे असतात."

पलीकडून म्हणजे त्याच दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्यातून. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. ते जोडे शिवतात, मी किल्ल्या बनवतो. मध्ये फक्त एक टेबल. दिवसभर तिकडून हातोडी, इकडून कानस, आणि वरून आमची दोघांची तोंडं. मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. दाजी तापट नाहीत. ते हट्टी आहेत, आणि ते फार वाईट. तापट माणूस निदान थोड्या वेळाने निवतो तरी.

त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, जन्मली तीच डावा पाय उजव्यापेक्षा आखूड घेऊन. मी हे एका वाक्यात लिहून मोकळा झालो, पण त्या घरात हे वाक्य कधी कोणी बोललंच नाही. पोरगी भिंतीला धरून उभी राहायला लागली, तेव्हा दाजींनी तिचा पहिला जोडा केला. डाव्या तळव्यात बुचाचे पातळ थर एकावर एक चिकटवले, घासले, वरून उजव्याच्याच कातड्याचं आवरण चढवलं. मग भिंतीकडे तोंड करून बसले. पोरगी चालली. दाजी कितीतरी वेळ वळलेच नाहीत. ताई म्हणते, रडत होते. दाजी म्हणतात, ऐकत होते.

त्या दिवसापासून घरात काही शब्दांना बंदी झाली. आखूड नाही, अधू नाही, लंगडं तर अजिबात नाही. मुलं एका पायावर उड्या मारत एकमेकांना पकडतात त्या लंगडीच्या खेळाचंसुद्धा नाव काढायचं नाही. त्याला आमच्याकडे 'तो उड्यांचा खेळ' म्हणायचे. एकदा एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "मुलगी लंगडते का हो तुमची?" दाजींनी त्याचा अर्धवट शिवलेला बूट त्याच्या हातात दिला आणि दाराकडे बोट केलं. तो माणूस एका पायात मोजा घालून घरी गेला. तिच्या जोड्याला वेगळं नाव नव्हतं. जोडा तो जोडा. आणि तिला ते लाडाने 'गिऱ्हाईक' म्हणायचे. "माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एक छदाम देत नाही, आणि तक्रारी मात्र रोज."

हे गिऱ्हाईक शिकलं, मोठं झालं आणि परदेशात लहान मुलांच्या शाळेत शिकवायला गेलं. जाताना दोन नवे जोडे नेले होते. पण तिकडे थंडीत रस्त्यावर मीठ पसरतात म्हणे, त्याने कातडं फुटलं. एकाचा तळवा उखडला, दुसऱ्याचे थर झिजले. तशी पादत्राणं तिथेही करून मिळतात, पण नंबर लागायला महिनोन्‌महिने. एक दिवस तिचा मला फोन आला. "मामा, बुटात पुठ्ठा घालून चालतेय. दिवसभर वर्गात उभं राहायचं, संध्याकाळी कंबर धरते. बाबांना कंबरेचं सांगू नकोस हं."

मी दुपारपर्यंत कळ काढली. नंतर सांगून टाकलं.

दाजींनी हातातलं सगळं काम बाजूला सारलं. इतर गिऱ्हाइकं येऊन ओरडून गेली, मी त्यांच्याशी भांडलो, दाजींनी मान वर केली नाही. जोडा तयार झाला तेव्हा मात्र तो चालून ऐकवायला कोणी नव्हतं. दाजींनी दोन्ही बूट हातात घालून टेबलावर चालवले आणि कान लावून ऐकलं. हादऱ्याने माझ्या किल्ल्या खाली पडल्या, त्या मी मुकाट उचलल्या.

मग सुरू झालं पोस्ट.

खोक्याला तोटा नव्हता, दुकानात खोकेच खोके. ताईने मोकळ्या जागेत लोकरीचे मोजे कोंबले, टोपी कोंबली, सुयांची पुडी कोंबली. "एवढ्या लांब जातंय, तर रिकामं कशाला जायचं?" आम्ही खोका घेऊन रांगेत उभे राहिलो. आमचा नंबर आला आणि खिडकी जेवायला गेली. जेवून आली तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आत काय आहे?"

"जोडा," दाजी म्हणाले.

"आणखी?"

"मोजे. टोपी. सुया."

"आणखी?"

दाजी छताकडे बघायला लागले. बाईंनी खोका कानाशी नेऊन हलवला. आत खुळखुळलं. खोका उघडायला लावला, तर डाव्या बुटाच्या पोटात पॉलिशची डबी. या गृहस्थांनी ती मलाही न सांगता ठेवली होती.

"पेट घेणारी वस्तू विमानात चालत नाही," बाई म्हणाल्या. "आणि बंद करताना सगळीकडून पट्टी मारा. सहज उघडता कामा नये."

म्हणजे खोका असा बंद करायचा की कोणाला उघडता येऊ नये, आणि त्यांनी म्हटलं की लगेच उघडून दाखवायचा. माझा पारा चढला. मी तोंड उघडणार तेवढ्यात दाजींनी माझ्या पायावर पाय दिला. त्यांचा बूट, त्यांनीच शिवलेला; चांगला वजनदार असतो.

शेवटी कस्टमचा कागद भरायला घेतला. 'वस्तूचे वर्णन' पुढे दाजींनी लिहिलं, जोडा. 'नग' पुढे लिहिलं, एक.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आत बूट दोन आहेत ना?"

"जोडा आहे."

"म्हणजे दोन."

"बाई, जोडा एकच असतो. दोन जोडे म्हणजे चार बूट झाले."

"मोजायचं झालं तर बूट किती?"

"बूट सुटे मोजतात का कधी? एक बूट कोण घेतो?"

मागून रांगेतला एकजण कळवळून म्हणाला, "अहो, लिहा दोन आणि सोडा आम्हाला!" दाजी ढिम्म. बाईंनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा दाजींकडे बघितलं, खाली इंग्रजीत तेच लिहिलं आणि शिक्का उचलला. "नग एक," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. नग एकच आहे."

रांग हसली. मीही हसलो. घरी आल्यावर ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाई हुशार दिसते. मला हे कळायला लग्न करावं लागलं."

त्यानंतर पार्सल कुठवर पोचलं हे मोबाइलवर बघायचं काम माझ्याकडे आलं. निघाले. विमानतळावर पोचले. देश सोडला. दाजी प्रत्येक बातमीला हातोडी थांबवून "वा!" म्हणायचे, जसं काही स्वतःच विमानात बसलेत. मग आलं, 'तपासणीसाठी थांबवले'. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. मी मोबाइल बंद करून चालू केला, दारात जाऊन बघितला, भाचीला तिकडून बघायला सांगितला. तीही म्हणाली, तेच. फोन लावला की यंत्र बोलायचं, एक दाबा, दोन दाबा, आणि सगळं दाबून झालं की धन्यवाद म्हणायचं. जोडा पाठवायच्या नादात मी माझे जोडे झिजवले, पोस्टाच्या तीन कचेऱ्यांत जाऊन आलो. प्रत्येक जण दुसऱ्याचं दार दाखवायचा. पोस्टाने माझा पुरता मामा केला. तसा मी आधीपासून मामा आहेच, म्हणून कोणाला फरक कळला नाही इतकंच.

आणि एके दिवशी खोकाच परत आला. कोपरे दबलेले, आमच्या पट्टीवर कोणाची तरी परकी पट्टी, आणि वर परक्या भाषेतली चिठ्ठी. दाजींनी जोडा बाहेर काढला. उजवा होता तसा होता. डाव्याच्या तळव्याला मात्र टाचेपासून आरपार भोक पाडलेलं. कोणीतरी यंत्राने नीट, सावकाश पाडलेलं भोक. एवढ्या जाड तळव्यात काहीतरी लपवलेलं असणार, असं त्यांना वाटलं असेल. आत बूच निघालं.

आम्ही तसेच खिडकीवर गेलो. बाईंनी चिठ्ठी वाचली आणि जरा थांबून सांगितली. "वर्णन वस्तूशी जुळत नाही, असं म्हणतायत. दोन वेगवेगळे बूट आहेत. जोडा नाही."

दाजींनी दोन्ही बूट खिडकीत शेजारी शेजारी ठेवले.

बाईंनी डावा बूट हातात घेऊन फिरवून बघितला. त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांचा आवाज बदलला. "मुलीसाठी आहे ना? मग तसं लिहा ना कागदावर. एक पाय आखूड आहे, त्यासाठी बनवलेला बूट आहे म्हणून. डॉक्टरांचा कागद जोडा. मग ते भोकं पाडत नाहीत, लवकर सोडतात."

"जोडाच लिहायचं," दाजी म्हणाले आणि खोका काखेत मारून बाहेर पडले.

दुकानात येऊन ते त्या भोकावर बोट ठेवून बसून राहिले. "जोडा नाही म्हणे," एवढंच दोनदा म्हणाले. मला त्या भोक पाडणाऱ्याला सातासमुद्रापलीकडे जाऊन बदडावंसं वाटत होतं, आणि दाजींनाही दोन शब्द सुनवावेसे वाटत होते. दोन ओळी लिहायच्या तर काय जातं माणसाचं? पण त्यांचा चेहरा बघितला आणि मूग गिळून बसलो. मला त्यांचं कळत होतं. तो कागद खोक्यावर चिकटतो. खोका तिच्या दारात जातो. आयुष्यभर जो शब्द तिच्या कानावर पडू दिला नाही, तो आता बापाच्याच अक्षरात तिच्या हातात पडणार.

संध्याकाळी ताईने वातावरण हलकं करायला बघितलं. "अहो, आपला तरी जोडा कुठे वर्णनाशी जुळतो? चाललंच ना इतकी वर्षं?" एरवी दाजींनी दोन हाणले असते. त्या दिवशी हसलेही नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मात्र कामाला लागले. तळव्यातले थर बदलून भोक बुजवलं, आणि मग उजव्या बुटाच्या तळाशी काहीतरी खटपट सुरू केली. बघतो तर काय, उजव्यालाही तेवढाच जाड तळवा! आतून पोकळ, चार टाक्यांवर अडकवलेला.

"हे काय, दाजी?"

"आता दोन्ही सारखे दिसतात की नाही? तिने तिकडे टाके उसवायचे आणि हा खोटा तळवा फेकून द्यायचा. आता म्हणू दे बघू कोणी, जोडा नाही म्हणून."

मी कपाळावर हात मारून घेतला. "दाजी, भरीव तळव्याला भोक पाडलं त्यांनी. हा पोकळ सापडला तर तुम्हाला, मला आणि त्या खिडकीतल्या बाईंना एकाच गाडीत घालून नेतील!"

दाजी विचारात पडले. मग म्हणाले, "बाईंचा काय संबंध?"

अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं? पण तिकडे पोरगी पुठ्ठा घालून चालत होती, ते काही माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

तिच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तिचा दुकानात फोन आला. ताई आमचा डबा घेऊन आली होती; तिने मोबाइल त्याच डब्याला टेकवून टेबलावर उभा केला, आम्ही तिघं पुढ्यात बसलो. पोरीचा चेहरा ओढलेला. "जोडा कुठे अडकलाय?" तिने विचारलं.

"पोस्टात गर्दी आहे गं," ताई म्हणाली.

"कातडं मिळत नव्हतं," दाजी त्याच वेळी म्हणाले.

भाची हसायला लागली. "दोघांनी आधी ठरवून तरी घ्यायचं!" हसताना तिने कंबरेवर हात दाबला. ते मला दिसलं आणि माझी जीभ सुटली. भोक, चिठ्ठी, बाई काय म्हणाल्या, पोकळ तळवा, सगळं एका दमात ओकलो. दाजी टेबलाखालून पाय मारत होते. मी दोन्ही पाय वर घेऊन बसलो होतो.

"एवढंच?" भाची म्हणाली. "मग लिहा ना, बाबा."

"काय लिहू?"

"माझा एक पाय आखूड आहे म्हणून."

ताईने चटकन दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, "असं काय बोलतेस, बाळा?"

"पाय माझाच आहे, बाबा. मला माहीत नसणार का?"

तीच पुढे बोलली. "इथे पहिल्या दिवशीच वर्गात सांगून टाकते मी. एक पाय आखूड आहे, काय विचारायचं ते विचारून घ्या. एक पोरगी रोज बघून जाते, रात्रीतून वाढला का म्हणून."

"मग घरी कधी बोलली नाहीस?" दाजींचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तुम्हाला वाईट वाटायचं ना. म्हणून मीही नाही बोलायचे." ती जरा घुटमळली. "बाबा, एक सांगू? शाळेत लंगडीच्या शर्यतीत मी कायम पहिली यायचे. उजवा पाय एवढा भक्कम झाला होता की मला कोणी हरवूच शकायचं नाही. कप मिळालाय मला. पण त्या खेळाचं नावच घ्यायचं नाही आपल्याकडे, मग घरी आणणार कसा? मैत्रिणीकडे ठेवला. अजून तिच्याच कपाटावर आहे."

दाजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. मी घाबरून त्यांचा हात बाजूला केला, तर हसत होते, आणि डोळ्यांतून पाणीही चाललं होतं. "पहिली?" ते विचारत होते. "दर वर्षी पहिली? आणि मला ऐकवलं नाहीस?" ताईने पदर डोळ्यांना लावला आणि "मला सांगायचं तरी" म्हणून लेकीवरच ओरडली. खरं सांगायचं तर मलाही भरून आलं. म्हणून मी उठून बाहेर गेलो आणि एका निरपराध गिऱ्हाइकावर खेकसलो.

उजव्याचा खोटा तळवा त्याच दिवशी उसवला. भाचीने तिकडून डॉक्टरांचा कागद पाठवला. आम्ही परत रांगेत उभे राहिलो, आमचा नंबर आला आणि खिडकी परत जेवायला गेली. या वेळी मी चिडलो नाही, म्हणजे फारसा नाही. दाजींनी वर्णनाच्या रकान्यात एकेक अक्षर कोरून लिहिलं: जोडा. गिऱ्हाइकाचा एक पाय आखूड आहे. 'नग' पुढे लिहिलं, एक.

बाईंनी वाचलं, खाली इंग्रजीत उतरवलं. कागद डकवला, वर काचेसारखी पट्टी मारली, म्हणजे अक्षर पुसायला नको. "पॉलिशची डबी?" त्यांनी विचारलं.

"नाही," दाजी म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी खिशातून डबी काढून खिडकीत ठेवली. "ही तुम्हाला. तुमच्या चपला कोरड्या पडल्यात."

पार्सल निघालं, पोचलं, तपासणीसाठी थांबलं. आमचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी सुटलं.

तिचा फोन आला तेव्हा आम्ही दुकानातच होतो. तो लंगडीचा कप मी त्या मैत्रिणीच्या घरून आणून मधल्या टेबलावर ठेवला होता. दाजी त्यात आता खिळे ठेवतात, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कप कोणाचा आणि कशाचा ते विचारायच्या आत सांगतात. भाचीने जोडा घातलेले पाय दाखवायला फोन खाली नेला.

"मला नको दाखवू," दाजी म्हणाले. त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला, वळले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. "हं. चाल."

मी कानस थांबवली. तिकडे लाकडी जमीन असावी. टक, टक, टक, टक. एक पाऊल जसं, तसंच दुसरं. दाजी मान हलवत होते. आवाज लांब गेला, वळला, परत यायला लागला. आणि एकदम अर्धा झाला. टक. मग मोकळी जागा. टक. मग मोकळी जागा.

दाजी ताठ झाले. "दुसरा पाय कुठे गेला?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"वर धरलाय, बाबा," पालथ्या फोनमधून धापा टाकत आवाज आला. "लंगडी घालतेय."

दाजी वळले नाहीत. खिशातून रुमाल काढून त्यांनी नाक पुसलं.

"घाल," ते म्हणाले. "लंगडी घाल. टाचेला खिळे भरपूर मारलेत."